बिनसुट्टीचा माणूस

निरोप समारंभात साहेबांनी त्याच्या हातात घड्याळ ठेवलं. "जस्त जाळून पांढरी पूड करायच्या भट्टीवर एकोणीस वर्षं, आणि एक सुट्टी नाही! कामावर जीव लावावा तर असा."

टाळ्या झाल्या. परतताना बायको मात्र धुमसत होती. "लेकीच्या लग्नातूनसुद्धा उठून कामावर गेलात तुम्ही. एवढं काय काम जिवापाड?"

तो दाराच्या पायरीवरच मटकन बसला. "काम कसलं गं! एक दिवस घरी राहिलं की अंगाची धुराची सवय मोडायची. दुसऱ्या दिवशी भट्टीवरून आलो की हुडहुडी भरून ताप. पहिल्यांदा ताप आला, तेव्हाच मी मास्क मागितला होता."

"मग?"

"साहेबच म्हणाले, मास्क कशाला? सुट्टी घेऊ नकोस."