मकबूल पिंजाऱ्याची साक्ष

“हे यांनीच केलं?”

पेन्शन शाखेचे साहेब राघवेंद्रराव टेबलावर ठेवलेल्या मनगटाकडं बघत होते. मनगट मकबूल पिंजाऱ्याचं, कायमचं वाकडं बसलेलं.

“व्हय साहेब, ह्येंनीच. भूमच्या ठाण्यात,” मकबूल म्हणाला.

शेजारी उभ्या वजीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं मान हलवली. न हलवून सांगतो कुणाला! निजामाच्या पोलिसात त्यानं उमेदीची वर्षं घातली, आणि विलीनीकरणानंतर नव्या दप्तरात नोंदी उतरवताना कुणा दीडशहाण्यानं ती सगळी ‘चौकीदार’ म्हणून मांडली. चौकीदारी पेन्शनीत धरत नाहीत. ती वर्षं पोलिसात धरली तरच पेन्शन, नाहीतर मरेपर्यंत जावयाच्या ओसरीवर पडून राहायचं आणि त्याचं आंबलेलं तोंड बघायचं.

साहेबांनीच मागच्या खेपेला सांगितलं होतं, की तुम्हाला पोलिसाच्या कामावर पाहिलेला माणूस आणा. बरोबरीचे शिपाई काही मेले, काही हैदराबादेकडं पांगले. उरला एक मकबूल. शेळी चोरल्याचा आळ घेऊन वजीरनं त्याला ठाण्यात बडव बडव बडवला होता. शेळी पुढं मालकाच्याच वावरात सापडली. त्याच्या दारात जाताना वजीरचे पाय उचलत नव्हते, पण मकबूल एका शब्दात ‘येतो’ म्हणाला आणि धुतलेली टोपी घालून एस्टीत येऊन बसला. आता अशा माणसाला काय म्हणावं!

“अटकेची नोंद कुठंय?” साहेबांनी विचारलं.

वजीरनं खरं ते सांगून टाकलं. “केली न्हवती साहेब. तवा अशा मारहाणीची नोंद कोण करतंय?”

“म्हणजे अटक झालीच नाही.”

“झाली की! दोन रात्री कोंडलं हुतं मला,” मकबूल पुढं सरला. “ह्येंच्या कमरेला सरकारी पट्टा हुता, बिल्ला हुता. म्या डोळ्यानं बघितलंय.”

“अहो बाबा, हात मोडला हे दिसतंय मला. पण माणसाला मारायला पोलिसच लागतो का? चौकीदारही मारतो.” साहेब वाईट नव्हते, नुसते कंटाळले होते. “कागद असेल तर बोला. मी माझ्या मनानं कसं धरू?”

काही लिहून न घेताच त्यांनी शिपायाला पुढच्या माणसाला आत सोडायला सांगितलं.

दोघं बाहेर कडुनिंबाखाली येऊन उभे राहिले. वजीरचा जीव तुटत होता, पेन्शनीसाठी की आणखी कशासाठी, त्याचं त्यालाच कळेना. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता निघालं.

“मकबूल, माफ कर रे. लई मारलं मी तुला.”

“माफीसाठी न्हाय आलो म्या.” मकबूलनं टोपी काढून घाम पुसला. “तुमच्या पेन्शनीच्या निमित्तानं का हुईना, माझ्यावर काय गुदरलं ते सरकार एकदा लिहून घेईल, म्हणून आलतो.”

त्यानं टोपी झटकून परत डोक्यावर घातली.

“तुमची नुसती पेन्शन गेली, वजीरभाई,” मकबूल म्हणाला. “माझा तर मारबी गेला.”