तेवीस नंबरचा नमुना

पडद्यावरच्या झाडाला एकतीस टोकं होती. त्यांतली तीन एकाच फांदीवर अगदी चिकटून होती. योगिनीने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. अंतर शून्यच होतं.

“मॅडम, हे बघितलंत?” दिशाने खुर्ची पुढे ओढली. माणसांच्या आणि जनावरांच्या रक्तात सापडलेल्या ब्रुसेला जंतूंचे जनुकक्रम पुण्याहून आले होते. ते जुळवून कुणाला ताप कुठून आला ते शोधायचं, हे त्या दोघींचं काम. जंतूंचं नातं जितकं जवळचं, तितकी झाडावरची टोकं जवळ. “अठ्ठावीस म्हणजे पालीच्या येसूबाईंची म्हैस. सतरा म्हणजे आपले डॉक्टर. ते जुळणारच होतं. पण हा तेवीस इथे काय करतोय?”

डॉक्टर म्हणजे पालीचे पशुवैद्य, अनिल. दर शुक्रवारी ते बर्फाच्या डब्यातून नमुने घेऊन मिरजोळ्याच्या या प्रयोगशाळेत येत आणि खिडकीशी बसून चहा घेत. आपला ताप त्यांनी कधी लपवला नव्हता. येसूबाईंची म्हैस विताना अडली, त्यांनी रेडकू ओढून काढलं, जंतू हाताच्या ओरखड्यातून शिरला. फॉर्मवर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं : ‘हातमोजा एकच. डावा हात उघडा.’ दिशा त्यावरून त्यांना चिडवायची. दुसरा काय म्हशीला घातलात?

आता तिने तेवीस नंबरचा फॉर्म उघडला. नावं फक्त योगिनीकडे असत, दिशाला नुसते आकडे. “स्त्री. वय चव्वेचाळीस. राहणार रत्नागिरी शहर. जनावराशी संपर्क : नाही. सोबत कोण होतं, रिकामं. डॉक्टर, तुमच्या जंतूची जुळी बहीण शहरात राहते हो.”

“असेल,” अनिल कपात बघत म्हणाले.

वीस वर्षांत तिने न तपासलेला एकही आकडा कागदावर लिहिला नव्हता. खोटा शब्द एकच लिहिला होता. तो ‘नाही’ आता दिशाच्या बोटाखाली होता. तेवीस नंबरचं रक्त तिचं स्वतःचं होतं.

चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी ती घरी आईला ‘प्रयोगशाळेत काम आहे’ असं सांगून अनिलबरोबर गणपतीपुळ्याला गेली होती. परतीच्या वाटेवर येसूबाईंचा फोन आला आणि गाडी पालीकडे वळली. चार वाजता रेडकू बाहेर आलं, शिंकलं, आणि तिघंही हसत सुटली. हात धुताना अनिलनी विचारलं होतं, “आपण लग्न करू या का? मी पुन्हा विचारणार नाही. पण वाट बघेन.” तिने “सांगते” म्हटलं. मग ताप आला, गोळ्या झाल्या, ताप गेला. सांगायचं राहिलं. नको होतं असं नाही. दुसऱ्या पुराव्याशिवाय उत्तर लिहायची तिला सवय नव्हती, आणि होकाराला पुरावा कुठला मागायचा ते कळत नव्हतं. येसूबाई मात्र दर भेटीत अनिलना विचारत, “डाक्टर, त्या बाई हुशार हायत, मग बोलत का नायत?”

“म्हणजे दूधच,” दिशा म्हणाली. “या बाईला जनावर माहीत नाही, मग जंतू दुधातूनच आला. येसूबाईंचं दूध शहरात येतं. मी आजच आरोग्य खात्याला कळवते, ते बंद करायला सांगा म्हणून.”

“ती म्हैस केव्हाची वेगळी बांधलीय,” अनिल म्हणाले. “तिचं दूध कुणाला जात नाही. बाकी तीन म्हशींत जंतू नाही. येसूबाईंचं घर चालतं त्यांच्यावर.”

“मग तेवीसला कुठून झालं? आभाळातून पडला जंतू?”

अनिलकडे उत्तर होतं. त्यांनी योगिनीकडे एकदा पाहिलं आणि रिकामा कप पुन्हा ओठांना लावला. पुन्हा विचारणार नाही म्हणाले होते. नजरेनेसुद्धा विचारलं नाही.

दिशाने अहवालात दुधाची ओळ टाकली आणि फोन उचलला.

“ठेव तो,” योगिनी म्हणाली. “तेवीस नंबर मी आहे.”

दिशाने फोन ठेवला. फॉर्मकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग पडद्यावरच्या त्या चिकटलेल्या टोकांकडे. “म्हणजे तो दुसरा हातमोजा...”

“माझ्या डाव्या हातात होता. उजवा उघडा. तसं लिही. जनावराशी संपर्क, हो. येसूबाईंची म्हैस.”

“एक जोडी दोघांत वाटून घेतलीत? मॅडम, पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असं करत नाहीत.”

“माहीत आहे,” योगिनी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. खिडकीशी अनिलही हसायला लागले. चौदा महिन्यांपूर्वी गोठ्यात हसले होते, तसेच.

दिशाने ‘नाही’ पुसून ‘हो’ केलं. येसूबाईंच्या दुधाची ओळ काढून टाकली. मग तिचा हात थांबला. “सोबत कोण, डॉक्टर अनिल. पुढचा रकाना नात्याचा आहे. तो रिकामा ठेवायचा नाही, तुम्हीच शिकवलंय मला.”

अनिलनी कप खाली ठेवला. तो बशीत न टेकता टेबलावर टेकला.

“नवरा लिही,” योगिनी म्हणाली. “अहवाल मार्चअखेर जायचाय. तोवर खरं होईल.”