सैल नळी

शेलूबाजारच्या गॅरेजात जगदेव तोंडावर रुमाल दाबून हसत होता. विकासच्या जुन्या स्पोर्ट्स कारची एक नळी त्यानं सकाळीच गमतीनं सैल केली होती. फोनच्या स्पीकरवर तेच इंजिन उभ्याउभ्याच कधी गुरगुरत होतं, कधी मरत होतं. पलीकडून विकास म्हणाला, “घाटाच्या तोंडाशी उभा हाय, मिस्त्री. गाडी उचक्या काहून देऊन राह्यली?” अमरदीप मिस्त्रीनं विचारलं, “ब्रेकचं पेडल कडक लागते काय?” “दगडावानी!” मिस्त्रीनं फोन झाकला आणि हसणाऱ्या जगदेवकडं वळला. “कोणती नळी छेडली बे?” “जाडवाली.” “अबे, ब्रेकले जोर तिच्यातूनच भेटते!” जगदेवनं फोन हिसकावला. “विकास, घाट उतरू नोको! ब्रेक लागणार नाही! मीच नळी सैल केली, लेकीची शपथ!” पलीकडं विकास खदखदून हसला. “मांगच्या खेपीलेही लेकीचीच खोटी शपथ घेतली होती, जगदेवा!” फोनमध्ये गिअर पडल्याचा आवाज आला. गाडी उताराला लागली.