हेमीचे टॅपेट

१९७१ सालच्या उन्हाळ्यात डेल्मर क्राउसने रॉली प्रुइटचं तोंड पाहायचं नाही असं पुन्हा एकदा ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी रॉली त्याच्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला.

"डेल," तो नेहमीसारखा अगदी तोंडासमोर येऊन ओरडला, "डाव्या बाजूचा टॅपेट वाजतोय. इंजिन आहे की शिवणयंत्र?"

"तुझी हेमी पेट्रोलपंपाच्या दारातच बांधून ठेव, लेका. तिथनं इथवर यायला तिला तीनदा पाजावं लागतं."

रॉली हसत गेला. डेल्मरने आपल्या गाडीच्या इंजिनाचं झाकण उघडलं. डाव्या बाजूचा टॅपेट, झडप उघडणारा तो दांडा, खरंच सैल होता.

दोघं वीस वर्षं एकाच कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांवर शेजारी शेजारी उभे राहत आले होते. डेल्मर शेव्हरलेटच्या इंजिनाचा भक्त, रॉली हेमी नावाच्या दांडग्या इंजिनाचा. आमच्या गावात तेव्हा माणसं अशीच ओळखली जात. टोमण्यांचं डेल्मरला काही वाटत नसे. त्याला सलत होता तो रॉलीचा कान. आपल्या तान्ह्याचं रडणं शेजाऱ्याने आधी ओळखावं, तसं त्याच्या शेव्हीचं दुखणं हा हेमीवाला आधी ओळखायचा. रात्री जेवताना घासागणिक त्याला तेच आठवे. समोर थेल्मा काहीबाही बोलत राही आणि तो ताटात बघत राही. उत्तराची वाट बघणं थेल्माने केव्हाच सोडलं होतं. ती त्या गाडीला सवत म्हणे.

सप्टेंबरातल्या रविवारी गावाबाहेरच्या पट्टीवर मोसमाची शेवटची शर्यत होती. पाव मैल, दोन गाड्या. समोरासमोर आले ते हेच दोघं. डेल्मर त्या मोसमात रॉलीकडून प्रत्येक वेळी हरला होता. रांगेत पुढच्या जोडीने टायर जागीच फिरवून जाळायला सुरुवात केली. धूर, रबराचा वास. जमीन हादरत होती. थेल्मा थंड कोंबडीचा डबा आणि थर्मास घेऊन बाजूला उभी होती. रॉली खिडकीबाहेर कोपर काढून बसला होता, इतका निवांत, की डेल्मरला ते पाहवेना. तो आपल्या गाडीतून उतरला आणि त्याने हेमीच्या बॉनेटवर हात टेकला. पत्रा थरथरत होता. त्याला वेगळं असं काही ऐकू आलं नाही. पण आज आपण बोलायचं, असं त्याने ठरवलंच होतं.

"रॉली, टॅपेट वाजतायत तुझे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ऐकवत नाही रे बाबा."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. एक जण हसायच्या बेतात होता.

थेल्माने रॉलीकडे पाहिलं. गाडीची किल्ली त्याच्या बोटाला लटकत होती. रांगेत इंजिन तापू नये म्हणून त्याने ते बंद ठेवलं होतं; मघापासून सुरूच केलं नव्हतं.

रॉलीने किल्लीवर मूठ मिटली. मग तो खाली उतरला, डेल्मरच्या तोंडासमोर आला आणि ओरडला, "वाजतायत खरे! तुझ्या कानाला मानलं, डेल." त्याने बॉनेट उघडलं, पाना काढला आणि झेंडेवाल्याला हात हलवून सांगितलं, माझी पाळी जाऊ दे.

डेल्मर एकटाच पाव मैल धावला आणि करंडक घेऊन आला.

परतताना तो वाटभर बोलत होता. इतक्या वर्षांची जेवणं थेल्माच्या डोळ्यांसमोरून जात होती: खाली घातलेली मान, न आलेली उत्तरं. आणि तोंडासमोर येऊन ओरडणारा रॉली.

डेल्मरने पुढे बऱ्याच वर्षांनी लेकीच्या आग्रहाने कानात यंत्र घातलं. तोवर, आणि त्यानंतरही, आपण हेमीचे टॅपेट कसे पकडले ते तो भेटेल त्याला सांगत असे. रॉलीचा हेवा त्याने पुन्हा केला नाही. पेट्रोल महागलं तेव्हा रॉलीने गाडी विकली. त्या रविवारची खरी गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा. थेल्मा मात्र त्याला दर रविवारी जेवायला बोलवायची, कोंबडीचा चांगला तुकडा त्याच्याच ताटात वाढायची, आणि त्याला टेबलाच्या पार त्या टोकाला बसवायची. डेल्मरच्या समोरची खुर्ची तिने पुन्हा कुणाला दिली नाही; तिथे ती स्वतः बसे, आणि त्याने मान वर केली की मगच बोले.