दुसरा गाल

सकाळचे ऊन सुतारखान्याच्या उंच खिडकीतून सावकाश खाली उतरत होते. आधी टांगलेल्या करवतींवर, मग रंध्याच्या पात्यावर, आणि शेवटी हवेत तरंगणाऱ्या भुशाच्या कणाकणावर रेंगाळत, जणू त्याला कुठेच जायची घाई नव्हती. त्या उन्हात डोळे मिटून एक तरुण कारागीर येशूची रोजची प्रार्थना करत होता. मिस्त्रीही रोजच्यासारखा आला आणि त्याने त्याच्या कानाखाली वाजवली.

“काय संतमहाराज, दुसरा गाल?”

बाकीचे कारागीर हसले. तीन वर्षांच्या सवयीने त्याने दुसरा गाल पुढे केला. “मी तुम्हाला क्षमा केली, मिस्त्री.”

“अरे, परवा आईला पुरून आलास ना? तेव्हा काय झोप लागली होती तुझ्या देवाला?”

लाकडी हातोडा हातात कधी आला, हे त्याचे त्यालाच कळले नाही. मिस्त्री भुशात कोसळला. दोन दात आणि तोंडभर रक्त थुंकून तो कसाबसा गुडघ्यांवर आला. आता कोणीच हसत नव्हते.

“चुकलं माझं, गड्या. तुझ्या आईचं नाव काढायला नको होतं,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याने आपला दुसरा गाल पुढे केला.

त्याने त्यावरही हातोडा हाणला.

मिस्त्री पुन्हा उठला नाही. भुसा ओला होत गेला. “मी तुम्हाला क्षमा…” असे सवयीने त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच अडकले.

तीन वर्षांत त्याने मिस्त्रीला एकदाही क्षमा केली नव्हती.