गडबड आणि गोंधळ

गडबड गाडीत चढला, पण गोंधळ काही केल्या चढेना. शेवटी मुलीनं त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, दार लावलं आणि काचा अर्ध्या खाली केल्या. गाडी झाडाच्या गार सावलीत होती. लांब कानांची दोन तोंडं काचेतून तिच्याकडे बघत राहिली.

दोघे सख्खे भाऊ. स्प्रिंगर स्पॅनिएल जातीचे कुत्रे, तपकिरी-पांढरे, अंगात वारं भरलेले. चालणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तळ्यात बुडी मारून ते थेट गादीवर यायचे. दोरीवरची ओली चादर ओढून बागभर मिरवायचे. दर रविवारी बाबा फोनवर त्यांचे पराक्रम सांगायचे आणि मुलगी तिकडे तिच्या घरी पोट धरून हसायची.

वर्षभरात मात्र पराक्रम वाढले. चार कप फुटले. रंगाचा डबा जिन्यावरून गडगडला. दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं, कारण म्हणे बाबा या दोघांमागे धावत होते. मागच्या महिन्यात तर दोघं पायांत आली, बाबा पडले आणि मनगट मोडलं. तेव्हा मुलीनं ठरवलं. तिच्या मैत्रिणीचं घर माळावर होतं, तिथं यांना हवं तेवढं उधळता आलं असतं.

"बाबा, कुत्री की हाडं, एक काय ते ठरवा."

बाबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फूटपट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस. वाद घालण्यात मात्र कच्चा. "ने," एवढंच ते म्हणाले.

पट्टे राहिले म्हणून ती पुन्हा आत आली. कुत्र्यांशिवाय घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. खिडकीतून आलेल्या उन्हात त्यांचे केस संथ तरंगत होते, खाली बसायची त्यांना घाई नव्हती. तीही तिथंच थबकली. लहानपणी दुपारच्या झोपेतून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे कळायचं नाही, तसं काहीसं झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज झाला.

"काय फुटलं, बाबा?"

"काही नाही गं," नेहमीच्या सुरात उत्तर आलं. "या गोंधळची शेपटी लागली."

बाहेर गाडीत दोन्ही कुत्री भुंकली.

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. बाबा फरशीवर गुडघे टेकून बसले होते. त्यांचा तळहात काचा शोधत फिरत होता आणि सगळ्यात मोठा तुकडा त्याच्यापासून वीतभर अंतरावर उन्हात चमकत होता. त्यांनी मान वर केली आणि बघितलं ते तिच्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे.

'कधीपासून?' तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या मुलासारखा झाला होता. तिनं प्रश्न गिळला, मुकाट्यानं काचा गोळा केल्या आणि बाहेर जाऊन गाडीचं दार उघडलं.

गडबड बाणासारखा आत घुसला आणि छत्र्यांसकट स्टँड आडवा केला. गोंधळ मात्र सरळ बाबांपाशी गेला आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. हा प्राणी स्वस्थ उभा राहू शकतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती. बाबांची बोटं त्याच्या मानेवर गेली. तो निघाला, तसे तेही निघाले. पडलेल्या छत्र्यांना वळसा घालून दोघं खुर्चीपर्यंत पोचले, कुठंही न अडखळता.

मुलीनं डोळे पुसले आणि जमेल तेवढा राग आवाजात आणला.

"बाबा, ही दोन गाढवं काही तुमच्या एकट्याच्यानं आवरायची नाहीत. मीच येते इथं राहायला, त्यांच्यावर लक्ष ठेवायला."