एकोणीस जवाबी पत्रं

“आवाज पडला माझा. पुन्यांदा म्हणू का, शरयूताई?”

सुगराबीचं हे बोलणं शरयूला आजही मधूनच ऐकू येई. सहा वर्षांपूर्वी, कुपवाडच्या याच पत्र्याच्या शेडमध्ये, दारं-खिडक्यांवर गोधड्या टांगून सुगराबीने शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे टेपवर म्हटले होते. जात्यावर बसल्यासारखे, ओवीच्या ठेक्यात. पुढच्या वर्षी ती गेली. तिच्या भावाने, मुजीबने, ते आकडे एका कार्डात बसवले. एसटीडी बूथच्या यंत्रात ते कार्ड घातलं, की दाबलेला प्रत्येक आकडा सुगराबी बोलून दाखवी. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा बूथवाल्यांसाठीच ते केलं होतं. सातारा-सांगलीत अशी एकोणीस यंत्रं गेली.

ते कार्ड मुकं करायचं की नाही, हे आज शरयूला ठरवायचं होतं.

यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, तिने लिहिला होता. जोडलेली प्रत्येक वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर, त्या गाभ्यातच नांदे. सगळं मिळून एका फ्लॉपीत मावायला हवं. सोमवारपासून टेलिफोन एक्स्चेंज बदलत होतं. त्याचा नवा ड्रायव्हर आत घेतला आणि भरल्या घागरीसारखा गाभा सांडू लागला. जुना एखादा ड्रायव्हर बाहेर जायलाच हवा होता. नाहीतर सोमवारी बोलते-न बोलते मिळून साठच्या साठ बूथ बंद. सगळं आवळून पुन्हा लिहायचं तर आठवडा गेला असता. सहाच्या एसटीने फ्लॉप्या निघायच्या होत्या आणि त्या भरायलाच दोन तास लागत. तीन वाजून गेले होते.

“बोलत्या कार्डाचा ड्रायव्हर काढू,” सुमंत म्हणाला. धंद्यातला भागीदार, गिऱ्हाइकं तो सांभाळी. “दुसऱ्या फ्लॉपीत देऊ. ज्याला हवा त्यानं मागनं घालावा.”

“घालावा की,” मुजीब म्हणाला. “माण तालुक्यात दिसाला चार डाव लाइट जाती. आली की यंत्र नव्यानं उठतंय. ड्रायव्हर आत असला तर उठल्या उठल्या बोलतंय. भाईर असला तर मुकं. मग न दिसणाऱ्या माणसानं पडदा वाचून दुसरी फ्लॉपी घालायची व्हय? सुमंतराव, तुमी एकदा डोळं झाकून दावा की करून.”

“अहो, पण घालणारा आहे कोण?” सुमंतने पत्रांचा गठ्ठा उचलला. “एकोणीस बूथना जवाबी पत्रं धाडली. बोलतं कार्ड वापरता का? हो की नाही, नुसती खूण करायची होती. सात जणांनी ‘नाही’ असं कळवलं. कुणी बूथ विकला, कुणाचा पोरगा बसतोय. बाकीच्यांचं उत्तर नाही. महिना झाला, मुजीबभाई. ‘हो’ एकही नाही.”

गठ्ठा त्याने शरयूच्या हाती दिला नाही. स्वतःच मोजून दाखवला आणि रबर चढवलं.

शरयूने मुजीबकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच यंत्रासमोर बसे. आकडे दाबी, ऐके, पुन्हा दाबी. तिने कितीदा तरी पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. पण कुणाच्या मायेपायी साठ बूथ बंद पाडता येत नाहीत. तिने मन घट्ट केलं.

“मुजीबभाई, खरं सांगा. तुम्हाला कार्ड ठेवायचंय, की सुगराबीला?”

उन्हानं तापलेला पत्रा कडकड वाजला.

“सुगराबी माझ्या घरी कॅसेटवर हाय,” मुजीब म्हणाला. “तिच्यासाठी तुमी जागा अडवू नगा. माझं इचारणं येवढंच, की तिला कुणी ऐकतंय का? एक जरी बूथवाला असंल, तर ठेवा. नसंल, तर मीच काढतो. ती काय रुसायची न्हाई.”

त्याने सुमंतकडे पाहिलं. शरयूनेही पाहिलं.

“सांगितलं की मघाशी,” सुमंत घड्याळाकडे बघत म्हणाला.

“मग झालं.”

मुजीबने खुर्ची ओढली. यादीतून त्या ड्रायव्हरचं नाव त्याने शोधलं. एका बोटाने, सावकाश, जसं झोपलेल्या लेकराखालचं दुपटं ओढावं तसं. शरयूला वाटलं, हात धरावा. तिने धरला नाही. नक्की पुसायचं का, असं यंत्राने पडद्यावर विचारलं. मुजीबचं बोट बटणावर टेकलं. ओठातल्या ओठात तो काहीतरी पुटपुटला, दुवा असावी.

“थांबा, मुजीबभाई.” आवाज सुमंतचा होता.

सुमंत मटकन स्टुलावर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“दहिवडीहून एक पत्र आलं होतं,” तो म्हणाला. “त्यावर शाईचा टिपूस नव्हता. नुसतं टोचलेलं. अंधांची लिपी. मी ते मिरजेत एका मास्तरांकडून वाचून घेतलं, आणि तरी गठ्ठ्यात धरलं नाही.”

“काय लिहिलं होतं?” शरयूने विचारलं.

सुमंतने मुजीबकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत तो म्हणाला, “‘व्हय, रोज वापरतो. आकडं बोलणाऱ्या बाईंचं नाव कळवा.’”